गोल्फपटू उशिरा का म्हातारा होतो?

२०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवर सचिन शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो ४० वर्षांचा होता, आणि त्यानं इतकी वर्षं शरीर टिकवलं याचंच सगळ्यांना अप्रूप होतं. गोल्फपटू फिल मिकेलसननं २०२१ मध्ये पीजीए चॅम्पियनशिप ही गोल्फमधली मोठी स्पर्धा जिंकली ती पन्नाशी उलटल्यावर. ‘त्यात काय, नुसतं चालायचंच तर असतं,’ असं आमच्या चेंबूरच्या नाक्यावर कुणीही म्हणेल. इथे १९२७ पासून गोल्फ क्लब आहे, पण आपल्यापैकी बहुतेकांनी तो भिंतीबाहेरूनच पाहिलाय.

चालणं असतंच, अठरा होलच्या, म्हणजे खड्ड्यांच्या, फेरीत सात-आठ किलोमीटर तरी. पण अव्वल व्यावसायिकाचा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब फटक्याची काठी, चेंडूला भिडतो तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या घरात असतो, आणि चेंडू त्याच्या जवळपास दीडपट वेगानं सुटतो. ही भेट अर्ध्या मिलिसेकंदाची. फटका बसल्याची जाणीव हातातून मेंदूपर्यंत पोचते तोवर चेंडू केव्हाच गेलेला असतो.

एवढा वेग दंडाच्या बळावर येत नाही. गोफण आठवा. मचाणावरचा सत्तरीचा म्हातारा पाखरं हाकायला दगड भिरकावतो तो शेताच्या पार टोकाला. तरण्या पोराला ते पहिल्या झटक्यात जमत नाही. स्विंगमध्ये, म्हणजे काठी फिरवून फटका मारताना, आधी कंबर वळते, मग छाती, मग हात, आणि सगळ्यात शेवटी क्लब, म्हणजे ती काठी. यातली खरी गंमत थांबण्यात आहे. लोकलला ब्रेक लागला की पाय जागच्या जागी राहतात आणि धड पुढे झेपावतं, तशी कंबर मंदावली की तिचा जोर छातीला मिळतो, छाती मंदावली की हातांना. वयानुसार ताकद घटते, पण हा क्रम अंगात मुरलेला असतो. शिवाय वेगवान गोलंदाजाच्या पुढच्या पायावर प्रत्येक चेंडूला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार आदळतो. गोल्फपटू एका फेरीत ड्रायव्हर काढतो तो फार तर चौदा वेळा.

सरावात मात्र तो दिवसाला शेकडो फटके मारतो, आणि तिथेच कंबर बिघडते. कमरेचे मणके पुढे-मागे वाकायला घडवलेत, पिळायला नाहीत. पाचही मिळून जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. उरलेलं वळण खुब्याच्या सांध्यानं आणि छातीच्या मणक्यांनी द्यायचं असतं. तिथे आखडलेपण आलं की सगळा पीळ कमरेवर येतो. गोल्फपटूंच्या दुखण्यांत कंबरदुखी उगाच पहिली नाही. टायगर वुड्सच्या पाठीवर २०१४ ते २०१७ दरम्यान चार शस्त्रक्रिया झाल्या, शेवटच्या वेळी दोन मणके कायमचे जोडून टाकले. २०१९ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्यानं मास्टर्स ही मानाची स्पर्धा पुन्हा जिंकली. मला तर हा त्याचा सगळ्यात मोठा विजय वाटतो.

पण पुष्कळांना दगा देतो तो छोटा फटका, हिरवळीवरून चेंडू खड्ड्यात ढकलायचा ‘पट’. ७२ च्या पारमध्ये, म्हणजे फेरीसाठी ठरवून दिलेल्या फटक्यांत, निम्मे, म्हणजे ३६ फटके पटचे धरलेले असतात. २००९ मध्ये टर्नबेरीला टॉम वॉटसन ५९ व्या वर्षी ब्रिटिश ओपन जिंकत आला होता. उरला होता फक्त आठेक फुटांचा पट. तो हुकला, आणि बरोबरी फोडायच्या प्ले-ऑफमध्ये करंडकही गेला.

एखादा पट कुणाचाही हुकतो. काहींचा मात्र पट मारताना हातच झटका देतो, इच्छा नसताना. याला यिप्स म्हणतात. काहींच्या बाबतीत ते निव्वळ दडपण असतं, तर काहींच्या बाबतीत फोकल डिस्टोनिया: वर्षानुवर्षं घोटलेल्या एकाच हालचालीत चुकीचे स्नायूही आवळायला लागतात. लिहिणाऱ्यांची आणि वादकांची बोटं अशीच अडतात. मैदानावर एखाद्या फिरकीपटूच्या हातून अचानक चेंडूच सुटेनासा होतो, तोही याच जातीचा प्रकार.

जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरला यिप्सनं एकदा नाही, अनेकदा गाठलं. बिघडलेली जुनी हालचाल दुरुस्त करण्यापेक्षा मेंदूला नवीच देणं सोपं, म्हणून तो दर वेळी पटर, म्हणजे पट मारायची काठी, धरायची पद्धत बदलत गेला. एकदा तर उजव्या हातानं डाव्या हाताच्या कोपरापुढच्या भागासकट दांडा आवळून तो पट मारायचा. १९८५ नंतर १९९३ मध्ये त्यानं दुसऱ्यांदा मास्टर्स जिंकली. पुढे तो छातीला टेकवून धरायचा लांब पटर घेऊन खेळू लागला. २०१६ पासून तसं टेकवायला नियमानं बंदी आली, तेव्हा त्यानं तोच पटर छातीपासून जरा दूर धरला, आणि २०२३ मध्ये ६५ व्या वर्षी पन्नाशीपुढच्यांची अमेरिकेची सीनियर ओपन जिंकली.