गस्तोवे: पिसांवरून ओळखू येणारे राष्ट्र

हौदेनोसौनी म्हणजे इरोक्वॉय. अमेरिकेतले न्यूयॉर्क राज्य आणि कॅनडातले ऑन्टॅरिओ व क्वेबेक इथल्या सहा मूलनिवासी राष्ट्रांचा हा संघ. त्यांच्या पुरुषांची नाचातली पिसांची टोपी म्हणजे गस्तोवे. सहांपैकी एक राष्ट्र असलेले मोहॉक तिला काहस्तोवा म्हणतात. पाठीवर रुळणारा लांब पिसारा पश्चिमेच्या गवताळ मैदानांतल्या लकोटांसारख्या लोकांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘वाइल्ड वेस्ट’ नावाच्या करमणुकीच्या खेळांनी तोच सर्व मूलनिवासींच्या माथी मारला. प्रेक्षकांना तो हवा म्हणून हौदेनोसौनी कलाकारही तो घालू लागले आणि घोटाळा पक्का झाला.

गस्तोवेची ओळख माथ्यावरच्या गरुडाच्या मोठ्या पिसांवरून पटते. मोहॉकांची तीन उभी. ओनायडांची दोन उभी, एक खाली झुकलेले. ओनोंडागांचे एक उभे, एक खाली. कायुगांचे एकच, तिरके मागे गेलेले. सेनेकांचेही एकच, पण ताठ. 1722 च्या सुमारास संघात आलेल्या टस्करोरांच्या टोपीवर मोठे पीस नसते, फक्त लहान पिसांचा गुच्छ. हरणाची शिंगे असली तर तो सरदार. त्याला पदावर बसवण्याचा आणि चुकल्यास ती शिंगे काढून घेण्याचा अधिकार कुळमातेचा, म्हणजे कुळातल्या प्रमुख स्त्रीचा.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ल्युइस हेन्री मॉर्गनने 1851 मध्ये केलेले वर्णन आजही उपयोगी पडते. डोक्याभोवती कामटीचे कडे, त्यावरून कमान, वर जाळीची टोपी, पुढच्या काळात कड्याला चांदीची पट्टी. मोठे पीस नळीत बसवलेले आणि नळी कमानीला बांधलेली. खरी कारागिरी या नळीतच आहे. पीस तिच्यात मोकळे फिरले पाहिजे, म्हणजे नाचात ते गिरक्या घेते. नळी घट्ट झाली तर पीस खुंटासारखे उभे राहते, फार सैल झाली तर पावलागणिक लडबडते. लहान पिसे खालच्या ओळीपासून वर बांधत जावीत, कौले चढवावीत तशी. नाहीतर देठ उघडे पडतात.

कामटी काळ्या ॲश नावाच्या झाडाची. ओंडका ठोकत गेले की वाढीच्या वलयांवरून पट्ट्या सुटतात. त्या भिजवूनच वाकवाव्या. कोरडी कामटी वाकवताना तडकते. पण 2002 मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या आशियाई हिरव्या भुंग्याने ॲशची झाडे फस्त करायला घेतली आहेत. पिसांचाही पेच आहे. अमेरिकेत 1940 पासून पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला आणि 1962 पासून सोनेरी गरुडालाही कायद्याचे संरक्षण आहे. मान्यताप्राप्त जमातींच्या सदस्यांना कोलोरॅडोतील सरकारी भांडारातून पिसे मिळतात, पण वाट पाहावी लागते. तोवर टर्कीचे पांढरे पीस टोकाला गडद रंगवून चालवून घेतात.