कच्चा बर्फ आणि किनारवेचणी

'द लाँग डार्क' या गोठलेल्या थंडीत तगून राहायच्या, कॅनडात घडणाऱ्या व्हिडिओ गेममधल्या या दोन गोष्टी. खेळताना त्या एकमेकींपासून सुट्या होत नाहीत म्हणून इथे एकाच नोंदीत घेतल्यात. कच्चा बर्फ म्हणजे गोठलेल्या समुद्राच्या कडेचा, माणसाचं वजन न पेलणारा पट्टा, आणि किनारवेचणी म्हणजे त्या पट्ट्यावर किंवा त्याला लागून समुद्राने आणून टाकलेल्या वस्तू गोळा करणं. मराठीत दोन्हीला रूढ शब्द नाही, पुण्यात गेम खेळणारी पोरं सरळ 'वीक आइस' आणि 'बीचकोंबिंग' म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. 'पातळ बर्फ' म्हणता आलं असतं, पण नुसत्या जाडीवर सगळं ठरत नाही, ते पुढे येईलच, म्हणून कच्चा, जसा आपण कच्चा रस्ता म्हणतो तसा.

हिंटरलँड हा स्टुडिओ कॅनडात व्हँकूव्हर बेटावरचा, संस्थापक राफाएल व्हॅन लिअरॉप. २०१३ साली लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले, सप्टेंबर २०१४ मधे अर्धवट तयार गेम लोकांच्या हातात आला, आणि पूर्ण आवृत्ती १ ऑगस्ट २०१७ ला. त्यामुळे गेम नेमका कुठल्या सालचा धरायचा याची दोन उत्तरं मिळतात. कथेचा भाग पाहिजे असणारे २०१७ धरतात आणि नुसतं तगून राहायचा सर्व्हायव्हल मोड खेळणारे २०१४. या नोंदीपुरतं २०१४ जास्त बरोबर वाटतं, कारण बर्फ आणि किनारा हा सगळा मामला सर्व्हायव्हल मोडचाच आहे. कच्चा बर्फ गेममधे आधीपासून होता पण जागच्या जागी ठरलेला, एकदा नकाशा डोक्यात बसला की बसला. २०२० च्या 'फिअरलेस नॅव्हिगेटर' या अपडेटपासून किनारवेचणी आली, आणि कच्चा बर्फ जागा बदलायला लागला. भूक, तहान, थकवा, थंडी हे चार आकडे कसे सांभाळायचे ते खेळणाऱ्याला माहीत असतंच, ते इथे परत सांगत नाही.

गेमची जागा म्हणजे ग्रेट बेअर नावाचं काल्पनिक बेट, उत्तर कॅनडातलं. ते खऱ्या नकाशावर कुठे बसवायचं यावर खेळणाऱ्यांत बरीच चर्चा चालते. एक मत असं की हे ब्रिटिश कोलंबियाच्या पश्चिम किनाऱ्यासारखं आहे, तिथे ग्रेट बेअर रेनफॉरेस्ट नावाचं खरंच जंगल आहे आणि स्टुडिओही त्याच प्रांतातला. दुसरं मत म्हणतं की तो किनारा कोमट, तिथला उघडा समुद्र साध्या हिवाळ्यात गोठत नाही, मग एवढा बर्फ येणार कुठून, म्हणून बेट बरंच वर उत्तरेला असलं पाहिजे. मला पहिलं मत जास्त पटतं. झाडं, लाकूडतोडीची गावं, मासे डबाबंद करायची कॅनरी, व्हेल पकडायच्या जहाजाचा सांगाडा, हे सगळं पश्चिम किनाऱ्याच्या अंगाचं आहे, आणि गोठलेल्या समुद्राचा खुलासा गोष्टीतच मिळतो: भूचुंबकीय उत्पाताने वीज बंद पडलीय आणि हवामानाचंही काहीतरी बिनसलंय. समुद्र गोठलाय हेच मुळात तिथे आक्रीत आहे, आणि गोठू नये तो समुद्र गोठलाय म्हटल्यावर त्याची कड कच्ची असणारच.

आता बर्फाकडे. गोडं पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, त्याहून गार झालं की हलकं होऊन वर राहतं आणि वरच गोठतं, म्हणून तळ्यावर बर्फाची साय लवकर धरते. समुद्राचं तसं नाही. पाण्यात हजारी साधारण २४.७ भागांपेक्षा जास्त मीठ असेल तर ते गोठेपर्यंत जड होतच जातं, गार पाणी खाली बुडतं, खालचं वर येतं, आणि हा वरचा सगळा थर गार झाल्याशिवाय बर्फ धरत नाही. शिवाय नेहमीचं समुद्राचं पाणी गोठतं उणे १.८ अंशाच्या आसपास. गोठताना मीठ बर्फाच्या स्फटिकात मावत नाही, ते बारीक बारीक कप्प्यांत दाट खारं पाणी होऊन अडकतं, त्यामुळे ताजा समुद्री बर्फ जाड दिसला तरी आतून भुसभुशीत असतो आणि पायाखाली वाकतो. त्याच जाडीचा तळ्यावरचा काचेसारखा बर्फ त्याहून कितीतरी पक्का. जाडी हा एकच मुद्दा नाही असं वर म्हटलं ते यासाठी.

बर्फ किती वेगाने जाड होतो याचं सूत्र योझेफ स्टेफान या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाच्या नावावर आहे. साल कुठे १८८९ दिसतं तर कुठे १८९१, कारण व्हिएन्नाच्या अकादमीपुढे काम आधी आलं आणि मोठ्या नियतकालिकात नंतर छापलं गेलं. सिद्धांताचं वय सांगायचं असेल तर पहिलं साल धरणं योग्य. सूत्राचा गाभा सोपा आहे: जाडी ही थंडीच्या एकूण बेरजेच्या वर्गमुळाच्या पटीत वाढते. म्हणजे दुप्पट जाडी पाहिजे तर चौपट थंडी साठायला लागते, कारण झालेला बर्फच खालच्या पाण्याला गोधडीसारखा झाकून टाकतो. वर हिम पडलं तर अजून एक गोधडी. म्हणूनच जोराचा हिमवर्षाव झाल्यावर बर्फ पक्का झाला असेल असं समजणं ही नेहमीची चूक. वजन किती पेलेल याचा कॅनडात वापरला जाणारा हिशोब बर्फाचे अभ्यासक लॉर्न गोल्ड यांचा, १९७१ चा. सेंटिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा आणि साधारण ४ ने गुणायचं, की किलो मिळतात. १० सेंटिमीटर स्वच्छ बर्फाला ४०० किलो, ५ सेंटिमीटरला १००. हे तळ्याच्या स्वच्छ बर्फासाठी, हिम मिसळून पांढरट झालेला बर्फ निम्म्यावर धरतात, आणि समुद्राच्या बर्फाला हा हिशोब जसाच्या तसा लावायचा नाही.

मग किनाऱ्यालगतच जास्त कच्चा का? खऱ्या समुद्रात याचं कारण भरती-ओहोटी. किनाऱ्याला चिकटलेला बर्फ जागचा हलत नाही आणि पुढचा तरंगता बर्फ दिवसातून दोनदा वर-खाली होतो, दोघांच्या मधे बिजागरीसारखी जागा तयार होते, तिथे तडे जातात, पाणी वर येतं, परत गोठतं, परत तडकतं. गेममधे भरती-ओहोटी दाखवलेली नाही, फक्त तिचा परिणाम घेतलाय, आणि तोही ढोबळ. पण सरकणारा कच्चा बर्फ करून त्यांनी एक गोष्ट फार बरोबर पकडली, ती म्हणजे कालची वाट आज लागू नाही. पुण्यातले ट्रेकर दर जानेवारी-फेब्रुवारीत लडाखला चादर ट्रेकला जातात, झंस्कार नदी गोठते तिच्यावरून चालायचं, त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, तिथले वाटाडे काठी आपटत पुढे जातात आणि आवाजावरून ठरवतात, सकाळी ज्या जागेवरून आलो ती संध्याकाळी उघडी पडलेली असू शकते. बर्फावरून स्केटिंग करत लांब जाणारेही कानावर भरवसा ठेवतात, पातळ बर्फाचा आवाज चढ्या पट्टीचा, जाड बर्फाचा खालच्या पट्टीचा.

गेममधेही कान आधी कामाला येतो. कच्च्या भागात पाय पडला की करकर ऐकू येते, पडद्यावर इशारा येतो, आणि तेवढ्यात मागे फिरायचं असतं. मे महिन्यात नारायण पेठेतल्या एका खोलीत मी हे बघत बसलो होतो, बाहेर ऊन नुसतं भाजत होतं, पंखा गरम हवा फिरवत होता आणि मित्राचा धाकटा भाऊ हेडफोन लावून गेममधल्या कोस्टल हायवे या भागाच्या किनाऱ्यावर होता. वीसेक पावलांवर बर्फावर एक काटकी दिसत होती. तो सरळ गेला नाही. दोन पावलं टाकली, थांबला, करकर आली तसा आला त्याच पावली मागे, मग डावीकडून लांबचा वळसा, परत दोन पावलं, परत थांबला. हेडफोनचा एक कान त्याने माझ्याकडे केला आणि म्हणाला, "दादा, हे ऐक, हा आवाज आला की पुढे जायचंच नाही." काटकी म्हणजे मेपलचं रोप होतं, धनुष्यासाठी लागतं ते. पाच मिनिटं गेली असतील त्यात, आणि त्या पाच मिनिटांत मी काही बोललो नाही. ज्या शहराचा नीचांक १७ जानेवारी १९३५ चा १.७ अंश आहे, म्हणजे जिथे पाणी कधी आपणहून गोठत नाही, तिथल्या पोराला बर्फाचा आवाज ओळखता येतो हे मला अजून मोठं वाटतं.

पाय गेलाच तर गेममधे माणूस सहसा लगेच मरत नाही, अंगावरचे कपडे ओलेचिंब होतात, ते गोठतात, आणि शेकोटी पेटेपर्यंत थंडी जीव खात राहते. खऱ्या गार पाण्याबद्दल मॅनिटोबा विद्यापीठाच्या गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी सांगितलेला १-१०-१ हा नियम लक्षात ठेवावा: १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, १० मिनिटं हातपाय चालतात तोवर बाहेर यायला, आणि शुद्ध हरपायच्या आधी साधारण १ तास. लोक पहिल्या मिनिटात घाबरून पाणी पितात आणि बुडतात, गारठून मरायची वेळ फार नंतर येते. गेमने ते पहिलं मिनिट गाळलंय, ही उणीव आहे असं माझं मत.

किनारवेचणीसाठी जो इंग्रजी शब्द आहे त्याची व्युत्पत्ती वादाची आहे. 'बीचकोंबर' छापील रूपात रिचर्ड हेन्री डेना यांच्या १८४० ला छापलेल्या समुद्रप्रवासाच्या वर्णनात येतो, आणि हर्मन मेलव्हिल यांच्या 'ओमू' या पुस्तकात १८४७ ला. मेलव्हिल जास्त वाचला जातो म्हणून बरेच जण त्यालाच पहिला मान देतात, पण सालं समोर असताना डेनाचाच हक्क आधीचा. तेव्हा अर्थ वेचणारा असा नव्हताच. जहाज सोडून पॅसिफिकच्या बेटांवर राहिलेले, मिळेल ते काम करणारे गोरे खलाशी, त्यांना हा शब्द होता. आता 'कोंब' म्हणजे कंगवा फिरवल्यासारखा किनारा विंचरणं ही सरळ व्युत्पत्ती. पण 'कोंबर' या शब्दाचा अर्थ लांबून लोळत येणारी लाट असाही आहे, आणि काहींना वाटतं की लाटेसारखा किनाऱ्यावर येऊन पडलेला माणूस असं ते असावं. दुसरी कल्पना छान आहे पण वापराचे दाखले पहिलीच्या बाजूने जड आहेत, ती धरावी. शंखशिंपले, लाकडं, वाहून आलेल्या वस्तू वेचणं हा आजचा अर्थ मागाहून रुळला.

आपल्याकडे याला एक शब्द नाही कारण कोकणात ते वेगळं काम समजत नाहीत. ओहोटीला तिसऱ्या, कालवं काढायची, पावसाळ्यात वाहून आलेली लाकडं ओढून ठेवायची, हे रोजच्यातलंच. पुळणीवर सापडलं ते आपलं, हा समज मात्र कायद्याला मान्य नाही. १९५८ च्या मर्चंट शिपिंग अॅक्टमधे फुटलेल्या जहाजाचा माल सापडला तर सरकारी अधिकाऱ्याकडे द्यायची तरतूद होती. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन कंटेनर समुद्रात पडले तेव्हा हा प्रश्न खराच समोर आला. व्हेलची उलटी म्हणून ओळखला जाणारा अंबर किनाऱ्यावर मिळाला तरी तो विकणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

गेममधे असा कुणी अधिकारी नाही. तिथे किनारवेचणीचं महत्त्व वेगळ्या कारणाने आहे: घरातलं कपाट, गाडीची डिकी, जहाजातली पेटी, हे एकदा रिकामं झालं की कायमचं रिकामं. शंभर-दोनशे दिवस तगलेल्या खेळाडूकडे काय संपतं याचा विचार केला तर समुद्र हा एकच असा दुकानदार उरतो जो परत माल आणतो. जळाऊ लाकूड, मासे, आणि मुख्य म्हणजे मेपल आणि बर्चची रोपं, जी कापली की त्या जागी परत उगवत नाहीत. मेपलचं धनुष्य, बर्चचे बाण, म्हणजे बंदुकीच्या गोळ्या संपल्यावर शिकार टिकते ती या किनाऱ्यामुळे. इंटरलोपर या फार कडक पातळीवर बंदूक मुळात मिळतच नाही, तिथे तर दुसरा मार्ग नाही. म्हणून वादळ ओसरलं की मुरलेले खेळाडू आधी किनारा बघून येतात, आणि नेमका माल जिथे पडतो तिथेच बर्फ कच्चा असतो. माल आणि धोका एकाच पट्ट्यात ठेवणं ही या रचनेतली सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. बर्फ एका जागी राहिला असता तर आठवणीवर काम भागलं असतं, तो सरकतो म्हणून दर वेळी नव्याने बघावं आणि ऐकावं लागतं.

वेचणीचे मुख्य भाग तीन: कोस्टल हायवे, डेसोलेशन पॉइंट आणि ब्लीक इनलेट. डेसोलेशन पॉइंटला रायकेन हे व्हेलवाल्यांचं अडकलेलं जहाज आहे, त्यात लोहाराची भट्टी आहे, म्हणून किनारा वेचत तिथे मुक्काम करणं सोयीचं. ब्लीक इनलेट डिसेंबर २०१९ ला आलं, तिथे लांडग्यांच्या टोळ्या असल्याने वेचणारे कमी थांबतात. फॉरलॉर्न मस्केग या दलदलीत कच्चा बर्फ भरपूर आहे, पण तिथे समुद्र नाही, त्यामुळे वेचणीही नाही.