सहा हंगामांत चार ब्रेक: जुन्या ट्रायम्फचे मॉडेल-वर्ष पुढच्या चाकावरून कसे ओळखावे

इंग्लंडमधल्या मेरिडनच्या कारखान्यातून निघालेल्या ६५० सीसी ट्रायम्फ बॉनव्हिल मोटरसायकली जगभर पोचल्या आणि जिथे पोचल्या तिथे त्यांचे सुटे भाग एकमेकींत मिसळले. विक्रेता '१९६८ची, सगळी मूळ' असे सांगतो तेव्हा पुढचे चाक पाहावे. १९६७च्या मॉडेलला एक लीडिंग शू (म्हणजे काय ते पुढे येईल) असलेला आठ इंची ड्रम, १९६८ला दोन लीडिंग शूंचा, १९६९ आणि १९७०ला त्याचाच सुधारलेला अवतार, १९७१-७२ला शंकूच्या आकाराचा हब आणि १९७३ला डिस्क. म्हणजे १९६८ ते १९७३ या काळात पुढचा ब्रेक चार वेळा बदलला. प्रत्येक बदलामागे यांत्रिक कारण होते. ते कळले की ब्रेकवरून वर्ष सांगता येते आणि चुकीचा ब्रेक बसवला असेल तर तोही पकडता येतो.

आधी 'मॉडेल-वर्ष' म्हणजे काय ते पक्के करू. कारखान्याचा नवा हंगाम ऑगस्टच्या आसपास सुरू व्हायचा. त्यामुळे सप्टेंबर १९६७मध्ये बनलेली गाडी १९६८चे मॉडेल असते. कागदावरचे वर्ष आणि गाडीचे मॉडेल यांच्यात एका वर्षाची तफावत दिसली म्हणून लगेच घोटाळ्याचा संशय घेऊ नये.

ब्रेककडे वळण्याआधी क्रमांक वाचायचा. इंजिनचा क्रमांक क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचावर, डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाखाली ठोकलेला असतो. फ्रेमचा क्रमांक हँडल जिथे फिरते त्या हेडस्टॉकच्या डाव्या बाजूला असतो. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा हे दोन्ही आकडे सारखेच होते. १९६३पासून क्रमांकांच्या आधी 'डीयू' ही अक्षरे येतात. १९६७चे मॉडेल डीयू ४४३९४पासून, १९६८चे डीयू ६६२४६पासून आणि १९६९चे डीयू ८५९०४पासून सुरू होते. १९६८ संपता संपता ही मालिका थांबली आणि दोन अक्षरांची पद्धत आली: पहिले अक्षर महिन्याचे, दुसरे हंगामाचे. महिन्यांची अक्षरे जानेवारीपासून क्रमाने ए, बी, सी, डी, ई, जी, एच, जे, के, एन, पी, एक्स. मधली एफ, आय, एल, एम, ओ अशी अक्षरे वगळली आहेत. हंगामासाठीही हाच क्रम, फक्त सुरुवात सी म्हणजे १९६९पासून: डी १९७०, ई १९७१, जी १९७२, एच १९७३, जे १९७४. 'केडी' म्हणजे सप्टेंबर १९६९मध्ये बनलेले १९७०चे मॉडेल. 'एक्ससी' म्हणजे डिसेंबर १९६८, मॉडेल १९६९.

क्रमांकाखालचा धातूही पाहायचा. १९६९च्या मॉडेलपासून इंजिनवर क्रमांकाच्या जागी छोट्या छोट्या 'ट्रायम्फ' नावांची जाळी उमटवलेली असते आणि आकडे तिच्यावर ठोकलेले असतात. कोणी जुना आकडा घासून नवा ठोकला, तर ही जाळी पुसली जाते. त्या वर्षानंतरच्या इंजिनवर क्रमांकाखाली गुळगुळीत, चमकणारा धातू दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

आता ब्रेक. ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात. प्रत्येक शूचे एक टोक खिळीवर टेकलेले असते आणि दुसरे टोक कॅम, म्हणजे लिव्हरने फिरणारा उंचवटा, बाहेर ढकलतो. चाक पुढे फिरताना ड्रमचा पृष्ठभाग कॅमच्या टोकाकडून खिळीकडे सरकत असेल, तर घर्षण त्या शूला ड्रमवर आणखी घट्ट ओढते, दाराखाली सरकवलेली पाचर दार लोटल्यावर जशी जास्त रुतते तसे. हा लीडिंग शू. उलट दिशेचा शू घर्षणामुळे ड्रमपासून दूर ढकलला जातो. हा ट्रेलिंग शू. १९६७च्या ब्रेकमध्ये एकच कॅम दोन्ही शू उघडतो, म्हणून एक शू लीडिंग आणि एक ट्रेलिंग. थांबवण्याच्या कामाचा मोठा वाटा पहिलाच उचलतो. बाहेरून ओळखायचे तर ब्रेक प्लेटवर, म्हणजे ड्रम झाकणाऱ्या न फिरणाऱ्या तबकडीवर, एकच लिव्हर दिसतो.

१९६८ला ट्रायम्फने प्रत्येक शूला स्वतंत्र कॅम दिला आणि दोन्ही शू लीडिंग केले. प्लेटवर दोन लिव्हर आले, त्यांना जोडणारी लांबी बदलता येणारी दांडी आली, आणि हवा आत घेण्यासाठी पुढे जाळी लावलेले तोंड आले. हाताच्या तेवढ्याच जोरात गाडी कितीतरी आधी थांबू लागली. एक किंमत मात्र मोजावी लागली. चाक उलटे फिरले की दोन्ही शू ट्रेलिंग होतात, म्हणून चढावर उभी गाडी मागे घसरू लागली की हा ब्रेक फिका पडतो. तो बिघाड समजून शू बदलणारे बरेच भेटतात.

१९६८चा ब्रेक आणि त्यानंतरचा ब्रेक यांतला फरक केबलमध्ये आहे. पहिल्या वर्षी केबल वळसा घेत प्लेटपर्यंत येते आणि लांब लिव्हरला थेट ओढते. १९६९ला प्लेटवर बेल-क्रँक बसवला. हा इंग्रजी 'एल'सारखा, मधोमध फिरणारा छोटा लिव्हर. केबल फोर्कच्या नळीला लागून सरळ खाली उतरते आणि बेल-क्रँक तिच्या उभ्या ओढीचे आडव्या ओढीत रूपांतर करतो. केबलचा वळसा आणि तो कुठे अडकण्याची भीती, दोन्ही गेले. बेल-क्रँक नसलेला दोन लिव्हरांचा ब्रेक फक्त १९६८चा, म्हणून तो दुर्मिळ आहे. आणि दुर्मिळ असल्यामुळेच १९६८च्या पुष्कळ गाड्यांवर आज १९६९चा ब्रेक दिसतो. तो चालतो उत्तम, पण मूळ नाही.

ड्रमचा आतला व्यासही मोजावा. ५०० सीसीच्या ट्रायम्फ डेटोनाला १९६९पासून असाच दिसणारा दोन लीडिंग शूंचा ब्रेक मिळाला, पण सात इंची, म्हणजे १७८ मिलिमीटरचा. बॉनव्हिलचा ड्रम आठ इंची, २०३ मिलिमीटर. फोटोवरून हा फरक कळत नाही. बीएसए ही दुसरी ब्रिटिश मोटरसायकल कंपनी आणि ट्रायम्फ एकाच समूहाच्या होत्या आणि ब्रेकही वाटून घेत, त्यामुळे बीएसएचे चाक ट्रायम्फवर आले तरी नवल नाही.

१९७१ला सगळी गाडीच बदलली. फ्रेमच्या जाड मधल्या नळीतच इंजिनचे ऑइल भरायचे, वेगळी ऑइल टाकी नाही. फोर्कच्या खालच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या, आणि चाकाचा आस खाली चार-चार स्टडच्या टोप्यांनी धरलेला. याच फोर्कमध्ये शंकूच्या आकाराचा हब आला. पुढे आठ इंची दोन लीडिंग शूंचा, मागे सात इंची. यात केबलची आतली तार एका लिव्हरला ओढते आणि बाहेरचे कवच दुसऱ्या लिव्हरला ढकलते. कल्पना चलाख, पण लिव्हर आखूड असल्याने फायदा कमी मिळतो, आणि केबलचे कवच दबले की हँडलवरचा लिव्हर मुठीला टेकेपर्यंत ब्रेक लागत नाही. या ब्रेकची इतकी बदनामी व्हायला नको होती. चांगली, न दबणारी केबल आणि नीट ॲडजस्ट केलेले शू असले तर तो कामाचा आहे. पुष्कळांनी त्याचे लिव्हर बदलून लांब बसवले. असे लांब लिव्हर दिसले तर गाडी जास्त चांगली थांबेल, पण 'मूळ' हा शब्द तिथे वापरू नये.

१९७३ची ओळख सर्वांत सोपी: दहा इंची डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा लॉकहीडचा कॅलिपर. डिस्क ओतीव लोखंडाची, पण दिसायला छान म्हणून क्रोम चढवलेली. पावसात ओल्या क्रोमवर पॅड घसरतात आणि क्रोमचे पापुद्रे निघू लागले की पॅड खातात. क्रोम काढून डिस्क घासून घेणे हा सर्वमान्य उपाय आहे. स्पर्धेसारखे गुण मोजणाऱ्या प्रदर्शनात त्याचे गुण कापले जातील, रस्त्यावर मात्र तेच शहाणपणाचे.

पुढचे चाक काढून दुसरे बसवायला फार वेळ लागत नाही, म्हणून ब्रेकचा ताळा इतर भागांशी घालावा. फोर्कच्या दोन नळ्यांच्या मध्यांतले अंतर १९६८पर्यंत साडेसहा इंच, १९६९पासून पावणेसात इंच, म्हणजे १६५ आणि १७१ मिलिमीटर. आसावर जादा वॉशर घालून चाक बसवलेले दिसले तर शंका घ्यावी. टाकीवरचा भुवईच्या आकाराचा बिल्ला १९६६ ते १९६८चा, चौकटीसारखा १९६९पासूनचा. १९६९ला दोन्ही एक्झॉस्ट पाइपांना जोडणारी आडवी नळी आली. विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या स्विच आणि दिव्यांवर महिना व वर्ष ठोकलेले असते. हेडलाइट '११ ६८' सांगतो आणि इंजिन १९७०चे, तर तो नंतर कुठून तरी आला असण्याची शक्यता मोठी.

मूळ ब्रेक सापडला की तो नीट चालवणे हे वेगळेच काम. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रमला हवेचा झोत मारू नये आणि कोरड्या ब्रशने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. नवे लायनर चिकटवले की ते ड्रमच्या गोलाईला जुळवून घासून घ्यावे लागतात, नाहीतर फक्त मधला भाग टेकतो. चाकाला नव्या तारा ओढल्या तर ताणामुळे ड्रम किंचित अंडाकृती होतो आणि ब्रेक लावताना हँडल धडधडते. म्हणून ड्रम लेथवर घासायचा तो तारा पूर्ण ताणून, चाक सरळ केल्यानंतरच.

१९६८ ते १९७०च्या ब्रेकमध्ये दोन्ही शू एकाच क्षणी टेकले पाहिजेत. जोडदांडीच्या एका टोकाची पिन काढायची, दोन्ही लिव्हर हाताने शू टेकेपर्यंत दाबून धरायचे आणि दांडीची लांबी फिरवून पिन आपोआप भोकात जाईल इतकी करायची. दांडी एक-दोन फेऱ्यांनी चुकली तर एकच शू काम करतो, दुसरा नुसता सोबत फिरतो, आणि दोन लीडिंग शूंचा ब्रेक जुन्या ब्रेकपेक्षाही वाईट वाटतो. चाक बसवताना आसाची नट सैल ठेवून ब्रेक घट्ट दाबायचा, म्हणजे प्लेट ड्रमच्या मधोमध येते, आणि मग नट आवळायची. शंकूच्या हबमध्ये रबरी बूच काढून चाक फिरवून स्क्रू शोधायचा, स्क्रूड्रायव्हरने शू टेकेपर्यंत फिरवायचा आणि दोन टिक मागे घ्यायचा. मग दुसऱ्या शूचे तसेच.

आपल्याकडे २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन मोठ्या प्रमाणात न बदललेली दुचाकी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात, महाराष्ट्रात 'एमएच'च्या पुढे. नियम पहिल्या नोंदणीची तारीख पाहतो, मॉडेल-वर्ष नाही, त्यामुळे उशिरा विकली गेलेली १९७३ची गाडी पात्र व्हायला जास्त वर्षे लागू शकतात. ब्रिटनमधल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे ट्रायम्फच्या रवानगीच्या नोंदवह्या आहेत. इंजिन आणि फ्रेमचे क्रमांक दिले की गाडी कधी आणि कुठल्या विक्रेत्याकडे पाठवली याचा दाखला मिळतो. त्यासाठी अर्ज करायचा तर क्रमांकाच्या पट्टीचा जवळून, तिरप्या उजेडात फोटो काढावा, आणि तोही रंग चढवण्याआधी.