‘डांके’ म्हटलं आणि कॉफी पुढे गेली

आखेनमधला माझा तिसरा दिवस. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात शेजारच्या खोलीतल्या मुलीने कॉफीचं भांडं माझ्यासमोर धरून भुवया उंचावल्या. मी हसून ‘डांके’ म्हटलं. म्हणजे धन्यवाद, ओत. तिने मान डोलावली आणि भांडं पुढच्या मुलाकडे नेलं. जर्मनीत कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही नुसतं ‘डांके’ म्हणालात, तर त्याचा अर्थ ‘नको’. हवं असेल तर ‘बिट्टे’.

कॉफीचं एवढं काही नव्हतं. पण त्याच दिवशी पाण्याची रिकामी बाटली मी चुरगळून कचऱ्यात टाकली, तेव्हा कळलं की ती दुकानातल्या यंत्रात घातली की २५ सेंट परत मिळतात. रविवार होता, म्हणून दुकानं बंद. काचेच्या बाटल्या टाकायला निघाले, तर रविवारी तो खळखळाट चालत नाही. संध्याकाळी सात वाजता मी न जेवताच झोपले. दिवसभरात केलं काय, तर काहीच नाही.

‘कल्चर शॉक’ म्हटलं की आपल्याला थंडी, जेवण, भाषा असल्या मोठ्या गोष्टी आठवतात. त्यांची मनाने तयारी केलेली असते. लोणच्याच्या बरण्या बॅगेत असतातच. दमवतात त्या बारीकसारीक गोष्टी. ही कल्पना लोकांपर्यंत पोचवणारा मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग याने १९५४ साली रिओ दि जानेरोतल्या भाषणात नेमकं हेच सांगितलं होतं. हात कधी मिळवायचा, टीप कधी आणि कशी द्यायची, खरेदी कशी करायची, आमंत्रण कधी स्वीकारायचं आणि कधी नाकारायचं, अशा शेकडो खुणांवर आपण घरी विसंबून असतो. त्या हरवल्या की जीव कावराबावरा होतो. आमंत्रण नाकारण्याचा मुद्दा वाचला तेव्हा मला कॉफीचं ते भांडं आठवलं.

मेंदूच्या बाजूने पाहिलं तर यात गूढ काही नाही. पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींची सूत्रं मेंदूच्या आतल्या भागात, बेसल गँग्लियात, हळूहळू पक्की होतात आणि मग त्या लक्ष न देता पार पडतात. पुण्यात रिक्षाला हात करताना आपण विचार करत नाही. परक्या देशात यातली बरीच सूत्रं निकामी होतात. मग कपाळामागच्या भागाला, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सला, प्रत्येक गोष्ट मुद्दाम ठरवावी लागते, आणि एका वेळी त्याच्या ओंजळीत मावतं फार थोडं. त्यात गोंगाटात दुसऱ्या भाषेतलं बोलणं समजून घ्यायचं म्हणजे निम्मी ओंजळ तिथेच भरली. (या थकव्याला ‘मेंदूतली साखर संपली’ म्हणायचा मोह होतो. पण डोकं चालवताना मेंदूचा एकूण ऊर्जाखर्च फारच थोडा वाढतो, त्यामुळे चॉकलेटचा तसा उपयोग नाही.)

नव्या विद्यार्थ्यांना हमखास एक आलेख दाखवतात: आधी नवलाई, मग खोल घसरण, मग चढण. इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा. त्याचं मूळ १९५५ सालच्या एका अभ्यासात आहे. अमेरिकेत राहून परतलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांशी स्व्हेरे लिसगार्ड बोलला. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं जुळवून घेणं इतरांपेक्षा कमी पडलेलं दिसलं. पण हे वेगवेगळे लोक होते. एकाच माणसाचा प्रवास त्याने महिन्यामागून महिना मोजला नव्हता. कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी तो मोजला. न्यूझीलंडला आलेल्या ३५ जपानी विद्यार्थ्यांना त्यांनी पोचल्यापोचल्या गाठलं आणि पुढे वर्षभर अधूनमधून तेच प्रश्न विचारले. १९९८ साली छापलेला निष्कर्ष असा, की ताण सर्वांत जास्त होता तो पोचल्यावर लगेच. नवलाईचा काळ दिसलाच नाही. नमुना लहान आहे हे खरं, पण माझ्या तिसऱ्या दिवसाला हा अभ्यास जास्त न्याय देतो.

त्यात हिवाळा. डिसेंबरात आखेनचा दिवस जेमतेम आठ तासांचा. पुण्यात तेव्हाही अकरा तास ऊन असतं. डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशी केवळ उजेडाची वर्दी मेंदूतल्या घड्याळाला देतात. उजेड तुटपुंजा असला की झोपेचं गणित बिघडतं आणि काहींचं मनही खचतं. तेव्हा डिसेंबरातल्या सगळ्याच उदासीचा दोष जर्मन माणसांना देऊ नये. मी दिला होता.

घरी परतल्यावरही असाच खड्डा लागतो, म्हणून गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ साली ‘यू’चा ‘डब्ल्यू’ केला. दोन वर्षांनी सुट्टीत मी मावशीकडे गेले. चहा टाकू का, असं तिने विचारलं. मी ‘नको’ म्हटलं. मला खरंच नको होता. पण आमच्याकडे पहिलं ‘नको’ कुणी मोजत नाही. मावशीने तोवर आधण ठेवलं होतं.