ऑईलचं वय किलोमीटरमध्ये मोजता येतं का?

इंजिनखालचा ड्रेन बोल्ट सोडला की भांड्यात काळीकुट्ट धार पडते आणि बघणारा हळहळतो, "पार जळलं होतं की हो ऑईल!" मोटरसायकल चालवणारे बहुतेक जण ऑईलची पारख अशी रंगावरून करतात. काढून टाकलेल्या ऑईलला आपण 'जळकं ऑईल' म्हणतो, तेही याच समजुतीतून. पण ऑईल काळं पडतं ते बऱ्याचदा आपलं काम चोख करत असल्यामुळे. पेट्रोल जळताना तयार होणारी बारीक काजळी पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडी थोडी खाली उतरते. ऑईलमध्ये मिसळलेली डिस्पर्संट नावाची रसायनं तिचे कण सुटे सुटे धरून ठेवतात, त्यांचा गाळ होऊ देत नाहीत. म्हणजे हजार किलोमीटरमध्ये काळं झालेलं ऑईल उत्तम असू शकतं, आणि दोन वर्षं पडून राहिलेल्या गाडीतलं सोनेरी ऑईल कुचकामी.

मग बघायचं कशाकडे? गाडीसोबतच्या पुस्तिकेत ऑईल कधी बदलायचं याचा एक आकडा असतो. लहान इंजिनांसाठी ३,०००, ५,००० किंवा ६,००० किलोमीटर, मोठ्या इंजिनांसाठी कधी कधी १०,००० किंवा त्याहून जास्त. त्या आकड्यामागे काय आहे हे कळलं, तर तो आपल्या गाडीला कितपत लागू पडतो हे ज्याचं त्याला ठरवता येतं.

त्यासाठी जरा मागे जाऊ. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हे ब्रिटिश अभियंते रेल्वेच्या आसाला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, असतं तशा बेअरिंगमध्ये घर्षण किती होतं ते मोजत होते. ऑईल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरू लागला तेव्हा ऑईल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून उसळून वर यायला लागलं. भोकात लाकडी खुंटी ठोकली, तर तीही बाहेर ढकलली गेली. दाबमापक लावल्यावर दिसलं, की आतला दाब दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या वर गेला आहे. फिरणारा आस ऑईलला स्वतःच्या आणि बेअरिंगच्या मध्ये ओढून घेत होता आणि त्या दाबाच्या थरावर बेअरिंग चक्क तरंगत होतं. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं. ऑईल धातूला नुसतं निसरडं करत नाही, ते दोन धातूंना एकमेकांपासून दूर ठेवतं, हे इथे कळलं. मला ही वंगणशास्त्रातली सगळ्यांत सुंदर गोष्ट वाटते. हा थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

हा थर टिकण्यासाठी दोन गोष्टी लागतात, वेग आणि ऑईलचा दाटपणा. वेग प्रत्येक क्षणी मिळतोच असं नाही. पिस्टन वर टोकाला आणि खाली टोकाला क्षणभर थांबतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर हे सेकंदाला २०० वेळा घडतं. तिथे तरंगणं संपतं आणि धातू धातूला भिडू पाहतो. त्या वेळी झिंक आणि फॉस्फरस असलेलं एक संयुग मदतीला येतं. घासणाऱ्या पृष्ठभागावर ते स्वतःचा बळी देऊन मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाइतकी पातळ साय धरतं, आणि झीज धातूऐवजी त्या सायीची होते. अर्थात हे संयुग हळूहळू खर्च होत जातं.

दाटपणाची गोष्ट मोटरसायकलमध्ये जास्त गंभीर आहे. २०डब्ल्यू-४० सारख्या आकड्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला प्रवाहीपणा सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला उरणारा दाटपणा. थंडीत वाहणारं आणि उष्णतेत फार पातळ न होणारं ऑईल बनवण्यासाठी त्यात सहसा लांबलचक साखळ्यांचे पॉलिमर घालतात. कारमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असतं. बहुतेक मोटरसायकलींमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकच ऑईल पुरवलं जातं. गिअरचे दाते एकमेकांत अडकताना या पॉलिमरच्या साखळ्या अक्षरशः तोडतात आणि त्या पुन्हा जुळत नाहीत. त्यामुळे ऑईल कायमचं पातळ होत जातं. गिअर पूर्वीसारखे लोण्यासारखे पडत नाहीत, इंजिनाचा आवाज कोरडा वाटतो, अशी तक्रार ऑईल बदलायच्या सुमारास येते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं. कारचं ऑईल मोटरसायकलमध्ये ओतू नये, याचं कारण मात्र क्लचमध्ये आहे. कारच्या अनेक ऑईलमध्ये घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं असतात आणि ऑईलमध्ये बुडालेल्या क्लच प्लेट त्यांच्यामुळे घसरू शकतात. म्हणून १९९८ पासून मोटरसायकलच्या ऑईलसाठी जासो हे जपानी मानक आहे. क्लच ऑईलमध्ये असलेल्या गाडीला डब्यावर एमए किंवा एमए२ बघावं. एमबी हे ज्यांचा क्लच ऑईलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठी.

आता किलोमीटरकडे येऊ. ३,००० किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० च्या सरासरीने झाले, तर इंजिन ६० तास चाललं. तेच गर्दीत ताशी २० च्या सरासरीने झाले, तर १५० तास. मीटर दोघांनाही सारखाच आकडा दाखवतो. सिग्नलला दहा मिनिटं गाडी चालू ठेवली, तर मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या आयडलिंगवर इंजिन १४,००० वेळा फिरतं आणि किलोमीटर भरतात शून्य. शिवाय हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला उभ्या गाडीत वारा लागत नाही. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांनी तापमान वाढलं की ऑईलचं ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे खराब होणं, दुपटीने वेगवान होतं. छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनात ऑईल तासांवर बदलतात, फिल्टर असेल तर साधारण दर ५० तासांनी. मोटरसायकलवर तासांचा मीटर नसतो, म्हणून किलोमीटरवर भागवावं लागतं, इतकंच.

याच्या उलट टोकाला आहेत रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाड्या. 'गाडी फार चालतच नाही' असं मालक समाधानाने सांगतो, पण ऑईलचे सगळ्यांत जास्त हाल तिथेच होतात. एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, थोडी रिंगांना चुकवून ऑईलमध्ये उतरते. थंड इंजिनात थोडं न जळलेलं पेट्रोलही तिच्याबरोबर येतं. ऑईल चांगलं तापून काही वेळ तापलेलं राहिलं तर हे दोन्ही उडून जातात. त्याआधीच गाडी बंद झाली तर ते आत साचतात, ऑईल पातळ होतं, आम्लं तयार होतात. ऑईल भरायच्या झाकणाखाली दुधाळ पिवळसर लेप दिसला, तर तो बहुधा या पाण्याचाच. म्हणून 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' या वाक्याचा दुसरा अर्धा भागही पाळायचाच.

माझं मत विचाराल तर पुस्तिकेतला आकडा कमाल मर्यादा म्हणून धरावा. धूळ, गर्दी, कडक ऊन किंवा तुटक फेऱ्या हे रोजचंच असेल, तर तो बराच खाली आणावा, अगदी निम्म्यापर्यंत. सिंथेटिक ऑईल उष्णतेला जास्त दाद देत नाही, पण काजळी, पाणी आणि पेट्रोल त्यातही तितकंच उतरतं. त्यामुळे नुसतं सिंथेटिक घातलं म्हणून अंतर दुप्पट करू नये. नव्या गाडीचं पहिलं ऑईल ५०० ते १,००० किलोमीटरला बदलायला सांगतात ते जरूर पाळावं, कारण नवे भाग एकमेकांत बसताना धातूचा बारीक कीस सुटतो. पण जुन्या, धडधाकट गाडीत दर हजार किलोमीटरला ऑईल बदलण्याने काही साधत नाही.

त्यापेक्षा पातळी बघावी. लहान मोटरसायकलमध्ये ऑईल असतं लिटरभर. त्यातलं २५० मिलिलिटर कमी झालं, तर चौथा हिस्सा गेला आणि उरलेल्यावर भार वाढला. गाडी सपाट जागी सरळ उभी करून इंजिनावरच्या काचेतून किंवा डिपस्टिकवर दर काही आठवड्यांनी पातळी तपासायला दोन मिनिटं लागतात. खुणेच्या वर भरणंही वाईट. फिरता क्रँक ऑईलला घुसळतो, त्याचा फेस होतो, आणि फेसावर काही तरंगत नाही.

काढलेलं ऑईल मातीत किंवा गटारात जाऊ देऊ नये. हातमोजे घालावेत, ऑईल झाकणाच्या डब्यात भरून पुनर्शुद्धीकरणासाठी गोळा करणाऱ्यांकडे द्यावं. खर्च झालेली असतात ती मुख्यतः त्यातली रसायनं आणि पॉलिमर. मूळ तेल बरंचसं शाबूत असतं आणि पाणी, पेट्रोल, काजळी काढून टाकली की त्यापासून पुन्हा इंजिन ऑईल बनतं.