पास स्वस्तच राहिला, प्रवास महाग झाला

मुंबईत भाडेवाढीची बातमी आली की पहिला प्रश्न एकच असतो: लोकलचा पास वाढला का? गेल्या दहा-बारा वर्षांत सेकंड क्लासपुरतं त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच आलं. तरीही कामावर जाण्याचा खर्च वाढत गेला.

यामागचा हिशेब साधा आहे. सेकंड क्लासचा मासिक पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या भाड्यात मिळतो. महिन्यात पंचवीस दिवस कामावर जाणाऱ्याचे पन्नास प्रवास होतात. म्हणजे दोन-तृतीयांशाहून जास्त प्रवास सवलतीत. ही खैरात नाही. या पासाच्या जोरावरच मुंबईतली दुकानं, कार्यालयं आणि घरकाम कमी पगारात चालत आली आहेत.

जून २०१४ मध्ये या हिशेबालाच हात लागला. प्रवासी भाडं १४.२ टक्क्यांनी वाढवतानाच पासही १५ ऐवजी ३० एकेरी भाड्यांवर आकारायचं ठरलं. अनेकांचा पास एका फटक्यात दुप्पट झाला असता. विधानसभा निवडणूक चार महिन्यांवर होती. राज्यातले भाजप-शिवसेना युतीचे खासदार तेव्हाचे रेल्वेमंत्री सदानंद गौडा यांना भेटले आणि २४ जूनला निर्णय फिरला. पासाचं जुनं सूत्र कायम राहिलं, ८० किलोमीटरपर्यंतच्या उपनगरी सेकंड क्लासला वाढीतून वगळलं. त्याआधी जानेवारी २०१३ मध्ये किलोमीटरमागे २ पैसे वाढले होते. पुढे जानेवारी २०२०, जुलै २०२५ आणि डिसेंबर २०२५ या तिन्ही भाडेवाढींत लोकल आणि पास वगळले गेले.

मग पैसे जातात कुठे? बरेचसे स्टेशनच्या बाहेर. नालासोपाऱ्याहून अंधेरीच्या एमआयडीसीत येणारी बाई घरापासून स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा करते आणि अंधेरीला उतरून पूर्वेला बेस्ट बसच्या रांगेत उभी राहते. बेस्टचं किमान भाडं जुलै २०१९ मध्ये ५ रुपयांवर आणलं होतं, मे २०२५ मध्ये ते १० झालं. किमान टप्प्याच्या दोन फेऱ्या धरल्या तरी पंचवीस दिवसांत २५० रुपये जास्त. रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २३ चं २६ झालं. या वाढी थांबवायला कुठला खासदार दिल्लीला गेला नाही.

अंतर वाढलं त्याचं मूळ आणखी मागे आहे. गिरणगावातला कामगार चाळीतून चालत गिरणीत जायचा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि कामकरी कुटुंबं विरार, दिवा, बदलापूरकडे सरकली. नोकऱ्या मात्र लोअर परळ, वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरीतच राहिल्या. घर परवडावं म्हणून लांब जायचं आणि वाचलेले पैसे, शिवाय रोजचे तीन-चार तास, प्रवासात घालायचे. माझ्या मते खरी भाडेवाढ हीच होती, आणि तिची अधिसूचना कधी निघाली नाही.

आता प्रश्न एसी लोकलचा. पहिली गाडी २५ डिसेंबर २०१७ ला धावली. मे २०२२ मध्ये भाडं निम्म्यावर आणल्यावर किमान तिकीट ६५ वरून ३० रुपये झालं. साध्या सेकंड क्लासचं ५ रुपये आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साध्या गाड्यांच्या जागी एसी गाड्या सोडल्या तेव्हा कळवा आणि बदलापूरला प्रवासी संतापले. मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. राग थंड हवेवर नव्हता. सेकंड क्लासचा पास खिशात असून समोरच्या गाडीत चढता येत नव्हतं, त्याचा होता.

मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या (एमयूटीपी) ३ आणि ३-ए या टप्प्यांखाली २३८ एसी गाड्या यायच्या आहेत. भाडं न वाढवता एसी डबे देऊ, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी २०२५ मध्ये सांगितलं. दार बंद होणाऱ्या गाड्या हव्यातच, लोक रुळांवर पडून मरतात. पण पहिली साधी लोकल सेवेतून काढण्याआधी सेकंड क्लासचा पास नव्या गाडीत चालेल, असा आदेश रेल्वेने काढायला हवा.