गॉथिक साहित्यातील व्हॅम्पायर : लिंगभाव आणि लैंगिकता

थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त पिणारा व्हॅम्पायर पूर्व युरोपच्या लोकसमजुतींत फुगलेले, ओंगळ प्रेत होता. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॉथिक, म्हणजे भय आणि गूढाच्या कथा लिहिणाऱ्या, लेखकांनी त्याला देखणे रूप आणि उमरावी थाट दिला. जे उघड लिहिणे अशक्य होते ते त्याच्या दातांआडून लिहिता येऊ लागले. जॉन पॉलिडोरीच्या ‘द व्हॅम्पायर’ (१८१९) या कथेत नायक ऑब्रे लॉर्ड रूथवेनचे रहस्य न फोडण्याच्या शपथेने बांधला जातो. दोन पुरुषांमधल्या या गुपिताची किंमत मोजते ती ऑब्रेची बहीण : रूथवेन तिच्याशी लग्न करून तिचे रक्त पितो.

या परंपरेतील सर्वांत धीट कृती मात्र आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांची ‘कार्मिला’ ही लघुकादंबरी (१८७१–७२). ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात एका एकाकी गढीत वडिलांसोबत राहणाऱ्या लॉराकडे कार्मिला पाहुणी म्हणून येते. ती लॉराचे हात कुरवाळते, गालांवर चुंबने घेते, तू माझीच आहेस म्हणते. लॉराला सुख वाटते आणि किळसही येते. दोन्ही भावना ती लपवत नाही. हे असे प्रियाराधन करणारा कोणी मुलगा वेषांतर करून तर आला नसेल, अशी शंकाही तिच्या मनात येऊन जाते. स्त्रीला स्त्रीची ओढ वाटू शकते, हे मान्य करण्यापेक्षा तिला हा तर्क सोपा वाटतो. पुढे वडीलधारे पुरुष एकत्र येऊन कार्मिलाच्या छातीत खुंटा ठोकतात, शिर उडवतात, जाळतात. लॉराची ओढ मात्र त्या राखेत संपत नाही.

ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ (१८९७) याहून धास्तावलेली आहे. पुरुषांमधील समलिंगी वर्तनाला शिक्षा देणारी तरतूद इंग्लंडमध्ये १८८५ साली आली होती आणि १८९५ मध्ये लेखक ऑस्कर वाइल्ड तिच्याखालीच तुरुंगात गेला होता. कादंबरीतील तीन व्हॅम्पायर स्त्रियांपैकी एक ड्रॅक्युलाच्या गढीत आलेल्या जोनाथन हार्करवर झुकते तेव्हा तो डोळे मिटून वाट पाहत पडून राहतो; नायिकेच्या वाट्याचे हे दृश्य इथे पुरुषाला आले आहे. ड्रॅक्युला त्यांना हटकतो, हा माणूस माझा आहे म्हणतो. पण प्रत्यक्षात तो पुरुषाचा गळा फोडतो असे दृश्य कादंबरीत कुठेही नाही. तीन पुरुषांनी मागणी घातलेली लूसी, तिघांशी लग्न का करता येऊ नये असे सहज लिहून जाते, आणि पुढे चार पुरुषांचे रक्त तिच्या अंगात चढवले जाते. व्हॅम्पायर झाल्यावर तिला खुंटा ठोकण्याचे काम तिच्या वाग्दत्त वराकडेच येते. टंकलेखन, लघुलेखन जाणणारी हार्करची पत्नी मीना सगळी कागदपत्रे जुळवते. तरी तिला जपायचे म्हणून पुरुष तिला मसलतींतून वगळतात आणि नेमक्या त्याच काळात ड्रॅक्युला तिला गाठतो.

‘ड्रॅक्युलाज डॉटर’ (१९३६) आणि ‘द व्हॅम्पायर लव्हर्स’ (१९७०) या चित्रपटांनी स्त्री-व्हॅम्पायरची स्त्रीविषयीची ओढ पडद्यावर आणली, दुसऱ्याने तर बरीचशी पुरुष प्रेक्षकांसाठी. खरा पालट ॲन राइस यांच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’ या १९७६ सालच्या कादंबरीने झाला. तिच्यात लुई आणि लेस्टाट हे दोन पुरुष क्लॉडिया या मुलीला व्हॅम्पायर करून तिच्यासह कुटुंब म्हणून राहतात, आणि कथा सांगतो तो खुद्द व्हॅम्पायर.